एक्के आले आणि संध्याकाळ गेली

प्रश्न: दादा नमस्कार, गेल्या शनिवारी कॅसिनोत पोकर खेळायला बसलो, टेक्सास होल्डेम (हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच), सगळ्यात छोटं टेबल, ब्लाइंड म्हणजे पत्ते वाटायच्या आधी दोघांनी सक्तीने लावायचे पैसे, ते १ आणि २ चिप्सचे. २०० घेऊन बसलो आणि सहा तासांनी ४०० हरून उठलो. पहिला फटका ऐका. मला एक्क्यांची जोडी आली, मी पैसे वाढवून ५ केले, मुद्दाम कमी केले म्हणजे गिऱ्हाईक पळायला नको, तर ब्लाइंडवाले धरून पाच जण आत! फ्लॉपला (टेबलावरचे पहिले तीन उघडे पत्ते) नव्वी-अठ्ठी-चौकी, मी १० लावले, दोघं राहिले. टर्नला (चौथा पत्ता) सत्ती, मी २५ लावले, तर दोन तास नुसते कॉल कॉल करणारे, म्हणजे समोरच्याएवढेच पैसे भरून खेळत राहणारे, एक काका एकदम म्हणाले ८०. मी म्हटलं एक्के आहेत राव, आणि सगळे ढकलले. काकांकडे गुलाम-दश्शी, स्ट्रेट, म्हणजे ओळीने पाच पत्ते, लागलेली. (मग एटीएममधून काढून आणखी २०० घेतले, खरं तर घरून निघताना २०० च्या वर जायचं नाही असं ठरवलं होतं.) दुसऱ्या २०० मधले थोडे असेच गेले, बाकीचे एका ब्लफमध्ये, म्हणजे हातात काही नसताना पैसे लावून घाबरवण्यात. किलवरची सत्ती-छक्की होती, फ्लॉपला दोन किलवर, टर्नला समोरच्याने ६० च्या पॉटवर (मधे जमलेले पैसे) ६० लावले, मी फ्लशच्या, म्हणजे पाच किलवरच्या, आशेने गेलो, नाही आली, मग रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पाचव्या पत्त्यावर, उरलेले ९४ टाकले आणि त्याने फक्त दश्शीच्या जोडीवर कॉल केला, बादशाह समोर टेबलावर असताना! माझं नशीबच फुटकं की त्या पिसायच्या मशीनमध्ये काही गडबड असते?
– एक वाचक

उत्तर: मशीनचं आधी उरकून टाकतो. पोकरमध्ये तुम्ही कॅसिनोविरुद्ध खेळत नाही, टेबलावरच्या माणसांविरुद्ध खेळता. कॅसिनो प्रत्येक पॉटमधून आपली नाल काढतो, तिथे तिला रेक म्हणतात, मग पॉट तुम्ही न्या नाहीतर काकांनी न्यावा, त्यांना काय फरक पडतो? उलट छोट्या टेबलावर खरी गळती ही नालच असते. समजा प्रत्येक हातामागे सरासरी ४ चिप्स काढल्या आणि तासाला २५ हात झाले, तर टेबलावरून तासाला १०० गायब. नऊ जणांत वाटले तर माणशी ११, सहा तासांत ६६. म्हणजे कोणी कोणाला हरवायच्या आधीच प्रत्येकजण ६६ ने मागे.

आता एक्के. दोन एक्के हातात यायची शक्यता २२१ मध्ये १. डीलर असलेल्या टेबलावर सहा तासांत दीडशे-पावणेदोनशे हात होतात, म्हणजे ते संध्याकाळभरात एकदा आले हेच नशीब म्हणायचं, आणि तुम्ही नशिबावरच चिडलाय. समोर एकच माणूस कुठलेही पत्ते घेऊन असला तर हे एक्के ८५ टक्के वेळा जिंकतात, पण समोर पाच जण असले तर? साधारण ४९ टक्के. एक्के तेच, फक्त गर्दी वाढली. ५ करून तुम्ही सगळ्यांना स्वस्तात जेवायला बसवलंत आणि मग एकाने ताट पळवलं म्हणून ओरडताय. छोट्या टेबलावर लोक बघायला आलेले असतात, पत्ते टाकायला नाही, तिथे १२-१५ केले असते तरी दोघंतिघं आलेच असते आणि तेवढेच हवे होते.

आणि काका! मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त काका आवडले. जो माणूस दोन तास नुसता कॉल करतो आणि टर्नला अचानक रेज करतो, म्हणजे पैसे वाढवतो, त्याच्याकडे नुसती एक जोडी जवळपास कधीच नसते. नव्वी-अठ्ठी-सत्ती उघडी पडलेली, गुलाम-दश्शीवाला बसलाय, छक्की-पंजीवाला बसलाय, दोन जोड्यावाला बसलाय, आणि तुम्ही एकच गोष्ट बघताय, हातातले दोन एक्के. पैसे ढकलले तेव्हा डेकमध्ये तुम्हाला वाचवणारा एकही पत्ता नव्हता, रिव्हर यायच्या आधीच तुमचा पत्ता कट झाला होता. तिथे पत्ते टाकून दिले असते तर १६० चिप्स समोर राहिल्या असत्या. अवघड असतं हो, मीही एक्के टाकताना दोनदा वळून बघतो, पण टाकतो.

दुसऱ्या हाताचा हिशोब साधा आहे. टर्ननंतर न दिसलेले पत्ते ४६, त्यात किलवर ९, म्हणजे फ्लश यायची शक्यता साधारण २० टक्के. तुम्ही ६० भरून १८० चा पॉट बघताय, त्याला ३३ टक्के लागतात. म्हणाल की आली असती तर पुढे आणखी मिळाले असते. ठीक आहे, तुमचे उरलेले ९४ त्याने दरवेळी न चुकता दिले असते असं धरलं तरी २२ टक्के लागतात. तरीही कमीच. आणि ब्लफ कोणावर, तर दश्शीच्या जोडीवर टर्नला सबंध पॉट लावणाऱ्यावर! अशा माणसाला बादशाह दाखवून घाबरवता येत नाही, कारण तो तुमच्या हातात काय असेल याचा विचारच करत नाही, तो स्वतःची जोडी बघतो आणि म्हणतो बघूया तरी. तो मूर्ख नाही बरं का, त्या टेबलावर तेच चालतं, म्हणून तर ९४ त्याच्याकडे गेले.

हरण्याचं प्रमाण म्हणाल तर चांगल्या खेळाडूचंही १०० हातांमागे ८०-१०० बिग ब्लाइंड (दोनांतला मोठा ब्लाइंड, इथे २ चिप्स) वरखाली होतं. तुमचे पहिले २०० म्हणजे १०० बिग ब्लाइंड, एका संध्याकाळी जाऊ शकतात, त्यात विशेष काही नाही. पण पत्रातलं खरं वाक्य तुम्ही कंसात लिहिलंय. एटीएमपर्यंत चालत गेलात तेव्हा तुमच्या डोक्यात पोकर नव्हतं, काका होते. त्यानंतर सत्ती-छक्की घेऊन पॉटएवढा कॉल करणारा माणूस आणि संध्याकाळी सहाला बसलेला माणूस, दोघं वेगळे. पुढच्या वेळी कार्ड घरी ठेवा, नुसता निश्चय खिशात घेऊन जाऊ नका.

प्रश्न: शेवटी पैसे लागून झाल्यावर समोरचा म्हणतो तू आधी दाखव, मी म्हणतो तू दाखव. नियम काय?
– दुसरा एक वाचक

उत्तर: रिव्हरला ज्याने शेवटची बेट किंवा रेज केली त्याने आधी उघडायचे. रिव्हरला सगळ्यांनीच चेक केलं असेल, म्हणजे कोणीच पैसे लावले नसतील, तर डीलर बटणच्या (दर हाताला पुढे सरकणारी चकती) डावीकडून सुरुवात. तुमच्यापेक्षा मोठा हात उघडा पडला तर तुम्ही न दाखवता पत्ते टाकू शकता. जिंकलाय असं वाटत असेल तर मात्र दोन्ही पत्ते टेबलावर उघडे ठेवा आणि डीलर पॉट सरकवेपर्यंत त्यांना हात लावू देऊ नका, उघडण्याआधीच घाईत डीलरकडे सरकवलेले जिंकलेले पत्ते बहुतेक ठिकाणी मेलेले, म्हणजे बाद, धरतात.