सोसणारी सिस्टर इन्चार्ज

प्रश्न : मुलगी २८ वर्षांची, बीएससी नर्सिंग. सहा महिन्यांपूर्वी मेडिकल वॉर्डची इन्चार्ज झाली, हाताखाली १४ नर्स. दोघी नेहमी उशिरा येतात, त्यांचं काम हीच उरकते आणि घरी येऊन रडते. ख्रिस्ती मुलीने सहन करावं, उलट बोलू नये, असं मी तिला समजावतो. आमच्याकडे तीन पिढ्या मिशनची सेवा आहे. तिला एमएचएला (हॉस्पिटल व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला) घालावं म्हणतो, म्हणजे वॉर्डातून सुटेल. कॉलेज कुठलं बघू? – एक वडील, अहिल्यानगर

उत्तर : कॉलेजचं राहू द्या. मला काळजी वाटली ती तुमच्या समजावण्याची. मुलगी दमली आहे, पण त्याहून जास्त अडकली आहे. बोलावं तर घराण्याला बट्टा, गप्प बसावं तर वॉर्ड हातातून जातो. तुम्हाला वाटतं धीर देतोय. तुम्ही तिचं तोंड बांधताय. तीन पिढ्यांची सेवा ही तुमच्या घरची पुण्याई असेल, तिच्या ड्युटी चार्टवर तिचं ओझं कशाला?

शिवाय तिच्या सोसण्याची किंमत पेशंट मोजतो. आठच्या ड्युटीची नर्स आठ पंचवीसला आली की रात्रभर जागलेली नर्स दोन मिनिटांत हँडओव्हर, म्हणजे पेशंटची माहिती पुढच्या नर्सला देणं, उरकून पळते. कुणाचं इन्सुलिन राहिलंय, कुणाचा पोटॅशियमचा रिपोर्ट यायचाय, हे त्या दोन मिनिटांत बसत नाही.

येशूने बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात पायऱ्या घालून दिल्या आहेत : आधी एकट्याला गाठून चूक दाखवायची, ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत घ्यायचं, मग मंडळीपुढे, म्हणजे चर्चच्या लोकांपुढे न्यायचं. ते बोलणं मंडळीतल्या भावाबद्दल आहे, पण वॉर्डात याहून चांगली रीत मला माहीत नाही. नर्सिंग स्टेशनवर नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर नाहीच. त्याच दिवशी, ड्युटी संपल्यावर, दार लावून बोलायचं. ‘तू नेहमीच उशिरा येतेस’ म्हटलं की भांडण होतं. ‘सोमवारी आठ वीस, बुधवारी आठ पंचवीस, बुधवारी चार नंबरचं अँटिबायोटिक तासभर लांबलं’ असं म्हणायचं. मग ‘काय अडचण आहे?’ विचारून गप्प राहायचं. मुलाची शाळेची बस असेल तर दोन आठवडे शिफ्ट बदलून देता येते, मात्र तारीख ठरवून आणि वहीत लिहून. तरी नाही सुधारलं तर मेट्रनसमोर (सगळ्या नर्सच्या प्रमुखासमोर), त्यानंतर लेखी. चुकतं कुठे? पहिली पायरी गाळून लोक थेट मेट्रनकडे जातात. नाहीतर ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून त्या नर्सचं नाव मंडळीत सांगतात. ती चुगलीच, डोळे मिटून केलेली.

आता तुमच्यासारख्या अनेकांचा एक गैरसमज. क्षमा करायची म्हणजे चूक झाकायची, असं धरून चालतात. चुकीचा डोस गेला तर आधी पेशंट तपासायचा, डॉक्टरांना कळवायचं, नोंद करायची, इन्सिडंट रिपोर्ट भरायचा. हे सगळं क्षमा केली तरी करायचंच. क्षमा त्या नर्सला : तिला चारचौघांत न फाडणं, घरी जाण्यापूर्वी तिच्याजवळ बसणं, पुढच्या आठवड्यात तीच गोष्ट पुन्हा न उकरणं. रिपोर्ट दाबला तर सारख्या दिसणाऱ्या दोन अँप्युल्स (इंजेक्शनच्या औषधाच्या कुप्या) त्याच खणात शेजारीशेजारी राहतात आणि महिन्याभरात दुसरीच्या हातून तेच घडतं. ही कसली माया?

आणि तिने सगळं स्वतः करणं थांबवावं. बायबलमध्ये लोकांचे न्यायनिवाडे एकट्याने करणाऱ्या मोशेला त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, हेच सुनावलं होतं : तूही झिजशील, लोकही, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. चौदा जणींत प्रत्येक शिफ्टला एक जबाबदार नर्स पुरे. क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची ट्रॉली) कोण तपासणार, कितीपर्यंत, आणि काही कमी निघालं तर कुणाला सांगणार, हे तिन्ही बोलून ठरवायचं. ‘जरा बघून घे’ म्हणून सोपवलेलं काम रात्री हिच्याच गळ्यात येतं.

ड्युटी चार्ट महिना सुरू होण्याच्या आठवडाभर आधी लागला पाहिजे. दिवाळी, ईद, नाताळच्या सुट्ट्या गेल्या वर्षीची वही बघून फिरत्या ठेवाव्यात. २५ डिसेंबरला ख्रिस्ती इन्चार्जने सगळ्या ख्रिस्ती नर्सना ऑफ दिला, तर वर्षभराच्या गोड बोलण्यावर कोण विश्वास ठेवील? हँडओव्हरला प्रार्थना करायची असेल तर येईल तिने यावं. न येणारीकडे बघायचंही नाही.

राहिलं एमएचए. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, एमएससी नर्सिंगही तेवढंच. तीन वर्षांनी दोन्ही वाटा उघड्याच असतील. आज मात्र ती वॉर्डातून पळायला तिकडे जाईल आणि तिथून बाहेर पडल्यावर हाताखाली चौदाऐवजी चाळीस माणसं येतील, बोलायची सवय नसताना.

हे उत्तर तिला वाचायला द्या. पुढचं पत्र तिचं येऊ द्या, तुमचं नको.