घर म्हापशाला, ऑफिस पणजीत, बाळ आठ महिन्यांचं. नवी नोकरी जमेल का, की वर्षभर घरीच थांबू?

तुम्ही लिहिलंय की सासूबाई पेडण्याला असतात, कायमच्या येऊ शकत नाहीत, आणि पाळणाघराचे पैसे दिले की ‘माझ्या पगारात उरतं काय?’ आधी या वाक्याचंच बोलते. पाळणाघराचा खर्च तुमच्या एकटीच्या पगारातून का वजा होतोय? बाळ दोघांचं, तर खर्च दोघांच्या मिळकतीतून जायला हवा. आमच्याकडे मी हे कागदावर मांडून नवऱ्यासमोर ठेवलं, तेव्हा कुठे ‘परवडत नाही’ हे पालुपद थांबलं. शिवाय वर्षभराने परत सुरुवात करताना पगार आजच्याइतका मिळेलच असं नाही, तेही त्याच कागदावर लिहा. माझं मत विचाराल तर नोकरी घ्या.

मी डिचोलीहून पर्वरीला जाते, मुलगी आता शाळेत आहे. ती तान्ही असताना सगळ्यात जास्त डोकं लागलं ते दुधाच्या बाबतीत, म्हणून त्यावर जरा सविस्तर.

बाळंतपण नोकरीच्या आधीच झाल्यामुळे 26 आठवड्यांच्या रजेचा प्रश्न येत नाही. पण बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत, जेवणाच्या सुट्टीशिवाय, दिवसातून दोनदा दूध पाजण्यासाठी वेळ देण्याची तरतूद कायद्यात आहे. बाळ म्हापशाला आणि तुम्ही पणजीत, म्हणजे हा वेळ पंप करायला वापरायचा. प्रोबेशनमध्ये कसं मागू, असं वाटेल. पहिल्याच आठवड्यात एचआरला साधा ईमेल टाका, वेळा लिहून: अकरा आणि साडेतीन. ‘सॉरी’ने सुरुवात करू नका. दार आतून बंद होणारी खोली मागा, बाथरूम नको. कंपनीत 50 किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय काय आहे तेही विचारा, 2017 च्या दुरुस्तीपासून ती द्यावी लागते.

काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं असं वाचाल. ते 25 अंशांपर्यंतच्या खोलीसाठी आहे, आपल्या एप्रिल-मेसाठी नाही. सरळ फ्रिजमध्ये ठेवा, दारात नको, आत मागच्या बाजूला. तिथे चार दिवस चालतं. घरी नेताना बर्फाच्या पॅकची पिशवी हवी, कदंबची शटल बस वेळेवर मिळेलच असं नाही. गरम पाण्यात बाटली धरून कोमट करा, मायक्रोवेव्ह नको. पिऊन उरलेलं जपून ठेवायचा मोह होतो, पण दोन तासांनंतर ते ओतून द्या. हो, जिवावर येतं.

आठ महिन्यांचं बाळ वरचं खातंच, त्यामुळे सगळा भार दुधावर नाही. उकड्या तांदळाची मऊ पेज, नाचणीचं सत्त्व, दोन्ही मीठ-साखरेशिवाय. कितीही मायेने कुणी चाटवायला आलं तरी वर्षाच्या आत मध नको.

एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. काही बाळं आई नसताना दिवसा जेमतेम पितात आणि रात्री उठून उठून भरपाई करतात. दूध कमी झालं म्हणून घाबरू नका. अशा काळात रात्रीचा स्वयंपाक नवऱ्याकडे द्या आणि तुम्ही साडेआठला बाळाबरोबर आडव्या व्हा. भांडी पडली तर पडू देत.

पाळणाघर घराजवळचंच घ्या. पणजीत ठेवलं तर सुट्टीत जाऊन पाजता येईल हे खरं, पण जुलैच्या पावसात बाळाला कडेवर घेऊन रोजचा प्रवास मला तरी झेपला नसता. सर्दी-ताप सुरुवातीला वारंवार येतात. त्या दिवशी कोण घरी राहणार, हे नवऱ्याशी आत्ताच ठरवा आणि आळीपाळीने ठरवा. गणेश चवथीला तर सांभाळणारी बाईही आपल्या गावी जाणार, ते दिवस सासूबाईंना आधीपासून सांगून ठेवा. कायमचं येणं जमत नसलं तरी आठवडाभर त्या बहुधा आनंदाने येतील.

पाळणाघर बघायला सकाळी जाऊ नका, तेव्हा सगळीच छान दिसतात. दुपारी तीनच्या सुमारास, न कळवता जा. मुलं उठायची वेळ असते, रडारड चालू असते, आणि एका बाईकडे किती मुलं आहेत ते तेव्हाच कळतं.