वळवात पडलेली झाडे आणि उडालेले पत्रे पाहून टोर्नेडो आला होता की नाही, हे कसे ठरवतात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगाव तालुक्यातील आपल्या गावात नुकत्याच झालेल्या वळवात एका पट्ट्यातील झाडे उन्मळली, शेडचे पत्रे दोनशे-अडीचशे मीटरवर जाऊन पडले, लिंबाची एक मोठी फांदी पिरगाळल्यासारखी तुटली, आणि त्यामुळे हा अमेरिकेतल्यासारखा टोर्नेडोच, म्हणजे ढगापासून जमिनीपर्यंत पोहोचलेला हवेचा भोवराच होता, असे गावात बोलले जात आहे. हे खरे की खोटे कसे ओळखावे, आणि अमेरिकेत एकाच दिवशी डझनावारी टोर्नेडो येऊन जातात तेव्हा त्यांची मोजदाद कशी होते, असे आपण विचारले आहे. मी सांगलीत विमा दाव्यांसाठी नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर आहे. शिक्षणाने स्थापत्य अभियंता आहे, हवामानशास्त्रज्ञ नाही. मात्र वाऱ्याने मोडलेल्या वस्तू पाहणे हा माझा रोजचा व्यवसाय असल्याने या विषयाचा अभ्यास करणे भागच पडले.

आधी सरळ उत्तर देतो. आपण सांगितलेल्या तिन्ही खुणा खऱ्या मानल्या, तरी त्यांपैकी एकही टोर्नेडो सिद्ध करत नाही. ढगातून वेगाने खाली कोसळलेला थंड हवेचा झोत आपल्या गावावर आदळला असण्याची शक्यता मला कितीतरी अधिक वाटते. झाडाचा पर्णसंभार सर्व बाजूंनी सारखा क्वचितच असतो. एका अंगाला पाला अधिक असला की सरळ रेषेत वाहणारा वाराही फांदीला पीळ घालतो. पत्रे दूर जाण्याचेही तसेच आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. इमारतींवरील वाऱ्याच्या भाराविषयीच्या भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर, हा मूलभूत वेग धरला आहे. त्या वेगाला दर चौरस मीटरवर सुमारे ९१० न्यूटन दाब येतो, म्हणजे दहा फुटी एका पत्र्यावर साधारण तीनशे किलोचे बळ. वेग ताशी शंभर किलोमीटर असला तरी हे बळ दीडशे किलोच्या आसपास राहते आणि पत्रा स्वतः असतो पंधरा-वीस किलोंचा. एकदा सुटल्यावर तो कोठे थांबेल, हे मधल्या कुंपणांवर अवलंबून असते.

कवठेमहांकाळ तालुक्यातील एका बेदाणा शेडचे उदाहरण देतो. छपराचा अर्धा भाग गेला होता आणि साध्या वाऱ्याने एवढे होणे शक्यच नाही, असे मालकांचे म्हणणे होते. शिडी लावून वर पाहिले, तर पर्लिनवरचे (पत्रे पेलणाऱ्या आडव्या लोखंडी दांड्यांवरचे) जे-हूक जागच्या जागी, सरळ आणि घट्ट उभे होते. खाली सापडलेल्या पत्र्यांच्या भोकांभोवती गंजाची तांबूस कडी होती, भोके अंगठा जाईल एवढी मोठी झाली होती आणि वॉशर बहुतेक ठिकाणी नव्हतेच. पत्रा हुकांवरून नुसता वर उचलला गेला होता. शिवाय वाऱ्याकडील बाजूची हिरवी जाळी गुंडाळून ठेवलेली असल्याने वारा आत शिरला आणि छपराला खालूनही दाब मिळाला. अशा छपरावरून वाऱ्याचा फक्त किमान वेग सांगता येतो, आणि तोही फार मोठा नसतो.

म्हणून किती पडले यापेक्षा कोणीकडे पडले, हा पाहणीतला अधिक महत्त्वाचा प्रश्न असतो. टोर्नेडोमध्ये हवा फिरत फिरत केंद्राकडे ओढली जाते आणि त्याच वेळी संपूर्ण भोवरा पुढे सरकत असतो. उत्तर गोलार्धात तो बहुधा घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरतो, त्यामुळे वाटचालीच्या उजव्या अंगाला फिरण्याचा आणि पुढे जाण्याचा वेग एकत्र होऊन झाडे पुढच्या दिशेने पडतात, तर डाव्या अंगाची झाडे मध्यरेषेकडे किंवा चक्क मागे पडलेली दिसतात. नकाशावर बाण काढले की ते एका अरुंद रेषेकडे झुकलेले दिसतात. कोसळलेल्या झोताचे चित्र याच्या उलट असते. जमिनीवर बादलीभर पाणी ओतल्यावर ते जसे चहूकडे पसरते, तशी ती हवा पसरते. बाण एका ठिकाणापासून पंख्यासारखे बाहेर जातात आणि नुकसानीचा पट्टा पुढे रुंद होत जातो.

हा फरक ज्यांनी प्रथम नीट ओळखला, ते तेत्सुया फुजिता हे जपानमध्ये जन्मलेले आणि पुढे शिकागो विद्यापीठात काम केलेले शास्त्रज्ञ. १९४५ मध्ये अणुबॉम्बनंतर त्यांनी हिरोशिमा आणि नागासाकीची पाहणी केली होती आणि स्फोटाच्या केंद्रापासून बाहेरच्या बाजूस ताऱ्याच्या किरणांसारखी पडलेली झाडे पाहिली होती. ३ आणि ४ एप्रिल १९७४ रोजी अमेरिकेतील तेरा राज्यांत आणि कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात मिळून १४८ टोर्नेडो आले, तीनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर फुजिता छोट्या विमानातून हा मुलूख पाहत असताना वेस्ट व्हर्जिनियातील जंगलात त्यांना तोच किरणांसारखा आकार दिसला, आणि तेथे भोवऱ्याऐवजी वरून कोसळलेला झोत असावा, हा विचार पक्का होत गेला. जून १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरताना झालेल्या विमान अपघाताचे कारण त्यांनी याच झोतात शोधले. सुरुवातीला अनेक तज्ज्ञांनी ते मानले नाही. आज प्रवासी विमानांच्या वैमानिकांना त्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते.

आता अनेक टोर्नेडो एकाच दिवशी येतात तेव्हाची गोष्ट. अशा वेळी पहिल्या दिवशी येणारा आकडा हा माणसांनी कळवलेल्या नोंदींचा असतो आणि तो जवळपास नेहमीच फुगलेला असतो, कारण एकच टोर्नेडो पाच गावांतून पाच वेळा कळवला जातो. त्यामुळे अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेची स्थानिक कार्यालये आधी रडारवरील फिरत्या ढगांचे मार्ग नकाशावर घेतात, त्यावर या नोंदी ठेवतात आणि मग पथके प्रत्यक्ष रस्त्याने निघतात. रस्ता जेथे जेथे नुकसानीचा पट्टा ओलांडतो, तेथे रुंदी मोजली जाते, पडझडीच्या दिशा आणि छायाचित्रे स्थाननिर्देशासह मोबाइलवरील प्रणालीत भरली जातात. जेथे रस्ताच नाही तेथे विमान, ड्रोन किंवा उपग्रहाची चित्रे वापरतात. सर्वांत अवघड काम पट्ट्याची दोन टोके शोधण्याचे. एक पट्टा संपून दोन-तीन किलोमीटरवर दुसरा सुरू होत असेल, तर तो तोच टोर्नेडो की त्याच ढगाने सोडलेला नवा, हे मधल्या शेतांतील झाडाझुडपांवरूनच ठरवावे लागते. १८ मार्च १९२५ च्या प्रसिद्ध टोर्नेडोची वाट सुमारे ३५० किलोमीटर मानली जाते; पण त्या काळी अशी बारीक पाहणी झालेली नसल्याने ती एकाच टोर्नेडोची होती का, यावर आजही वाद आहे.

तीव्रतेबाबत एक गैरसमज सार्वत्रिक आहे, तो येथेच सांगतो. फुजिता यांनी १९७१ मध्ये मांडलेली आणि २००७ पासून अमेरिकेत सुधारित रूपात वापरली जाणारी श्रेणी ही वारा मोजत नाही, नुकसान मोजते आणि त्यावरून वाऱ्याचा अंदाज करते. त्यात घरे, शाळा, गोदामे, खांब, झाडे अशा २८ प्रकारच्या वस्तू असून प्रत्येकीच्या पडझडीच्या पायऱ्या दिल्या आहेत आणि प्रत्येक पायरीला किमान, अपेक्षित आणि कमाल असे तीन वेग जोडले आहेत. लाकडी घर पायापासून साफ नाहीसे झाले, तर अपेक्षित वेग ताशी सुमारे ३२२ किलोमीटर. परंतु त्याची चौकट पायाला बोल्टऐवजी नुसत्या खिळ्यांनी जोडलेली आढळली, तर पाहणी करणारा किमान आकड्याकडे, म्हणजे २६६ किलोमीटरकडे सरकतो. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रेनो येथे चार किलोमीटरहून अधिक रुंदीचा टोर्नेडो आला, वाहनावर बसवलेल्या रडारने त्यात अतिप्रचंड वेग मोजले, तरी तो मोकळ्या रानातून गेल्याने नुकसानीवरून त्याला शून्य ते पाच या पायऱ्यांपैकी फक्त तीन क्रमांकाची श्रेणी मिळाली. जेथे मोडायला काही नाही तेथे ही पट्टी मुकी होते.

आपल्याकडे ती दुसऱ्याही कारणाने अपुरी पडते. त्या २८ वस्तूंत द्राक्षाचा मांडव नाही, बेदाणा शेड नाही आणि दगड-मातीची भिंतही नाही. जपानने २०१६ पासून स्वतःची सुधारित श्रेणी वापरायला घेतली आणि तीत प्लास्टिकच्या हरितगृहांपासून रस्त्यावरच्या विक्रीयंत्रांपर्यंत स्थानिक वस्तू घातल्या. भारतातही असे काम व्हायला हवे, असे माझे मत आहे. तोवर आपण निदान एवढे ध्यानात ठेवावे, की मार्चमध्ये घडांनी लगडलेला मांडव बसणे आणि मे महिन्यात खरड छाटणीनंतर मोकळा झालेला मांडव बसणे यांचा अर्थ एक नाही. दुसऱ्या प्रकारात वारा खरोखर जबर असला पाहिजे किंवा ताणाच्या तारा आधीच सुटलेल्या असल्या पाहिजेत.

दिशा पाहतानाही मांडवावर भरवसा ठेवू नये. मांडव तारांनी एकत्र बांधलेला असतो, त्यामुळे एक बाजू सुटली की तो ताणाच्या दिशेने बसतो, वाऱ्याच्या नव्हे. विजेच्या खांबांचेही असेच. एक मोडला की तारेमुळे पुढचे ओढले जातात, म्हणून एका ओळीत पडलेले दहा खांब हा दहा वेगवेगळ्या ठिकाणचा पुरावा होत नाही. रस्ता रुंदीकरणात किंवा पाइपलाइनच्या चरात ज्यांची मुळे तुटली आहेत, ती झाडेही वगळावीत. बांधावरची एकटी बाभूळ सर्वांत विश्वासाची. आणि आपल्या जिल्ह्याला लाभलेली एक मोठी सोय म्हणजे आडसाली ऊस. गेल्या जुलै-ऑगस्टमधली लागण मे महिन्यात डोक्यापेक्षा उंच झालेली असते आणि ती लोळते तेव्हा एकरभर शेतात वाऱ्याची दिशा उमटते. ड्रोनमधून वरून पाहिल्यास ती भिलवडी-पलूसच्या पट्ट्यात तरी जंगलापेक्षा अधिक स्पष्ट दिसते. अट दोन गोष्टींची: आदल्या दिवशी पाणी दिलेला फड थोड्या वाऱ्यानेही लोळतो, हे विचारून घ्यावे, आणि पाहणी लवकर व्हावी, कारण काही दिवसांतच शेंडे वळून पुन्हा वर येतात आणि चित्र बिघडते.

भिंतींकडेही पाहावे. पाल्याचे तुकडे आणि चिखल घराच्या एकाच बाजूला थापले गेले असतील, तर वारा सरळ होता. चारही भिंतींवर असतील, तर फिरत्या वाऱ्याची शंका घ्यायला जागा आहे.

हे सारे जमिनीवरच शोधावे लागते, कारण आकाशातून फारसे हाती लागत नाही. पणजीचे डॉप्लर रडार सांगलीपासून सरळ रेषेत सुमारे १७० किलोमीटरवर आहे आणि पृथ्वीच्या वक्रतेमुळे त्याचा सर्वांत खालचा किरण आपल्यावरून अडीच-तीन किलोमीटर उंचीने जातो. शंभर मीटर रुंदीचा भोवरा दोन हवामान केंद्रांच्या मधून सहज निसटतो. भारतीय उपखंडात टोर्नेडो येतात, यात शंका नाही. १७ मार्च १९७८ रोजी तो दिल्लीत आला होता, आणि २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातील दौलतपूर-सटुरिया भागात सुमारे तेराशे माणसे त्याने घेतली. पण त्यासाठी उंचीनुसार वाऱ्याचा वेग आणि दिशा झपाट्याने बदलावी लागते. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये ढगाचा तळ उंच असतो, त्याखालची हवा कोरडी असते, पडणारा पाऊस वाटेतच वाळतो आणि त्याने गार झालेली जड हवा खाली कोसळते. म्हणून प्रथम संशय झोतावर घ्यायचा.

दाव्याच्या दृष्टीने, जाता जाता सांगतो, या वादाने काही बिघडत नाही. अग्निविम्याच्या प्रमाणित पॉलिसीत वादळ, चक्रीवादळ, टोर्नेडो आणि पूर ही संकटे एकाच कलमात आहेत, आणि शासकीय पंचनाम्यात शेतीपिकासाठी नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक आहे का, हे पाहिले जाते.

तरीही गावाला छडा लावायचाच असेल, तर करवत चालण्याआधी प्रत्येक पडलेल्या झाडाचे बुंध्याकडून शेंड्याकडे पाहत छायाचित्र घ्यावे, मोबाइलवरील होकायंत्राने दिशा नोंदवावी (पत्र्याच्या शेडपासून दूर उभे राहून, कारण लोखंडाजवळ ते चुकते) आणि गटनकाशावर बाण काढावेत. न पडलेली झाडेही दाखवावीत. पट्ट्याची कड त्यांच्यावरूनच कळते. बाण पंख्यासारखे फुटले, तर प्रश्न मिटला. ते मध्याकडे झुकत असतील आणि पट्टा दोन-तीन किलोमीटरपर्यंत अरुंदच राहत असेल, तर तो नकाशा भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पुणे कार्यालयाकडे अवश्य पाठवावा. सोबत आपल्या आणि शेजारच्या वीज उपकेंद्रात फीडर ट्रिप झाल्याच्या, म्हणजे वीजवाहिनी आपोआप बंद पडल्याच्या, वेळा जोडाव्यात. त्या तेथील नोंदवहीत मिनिटासह असतात, आणि दोन उपकेंद्रांमधील अंतर माहीत असल्यास वादळ किती वेगाने पुढे सरकले, याचा अंदाज त्यावरून काढता येतो.