दातांवर दात टेकू देऊ नका

ताई, पाच आठवड्यांपासून उजव्या कानापुढे दुखतंय, जांभई देताना ‘कट्ट’ वाजतं, कानाच्या डॉक्टरांनी कानात काही नाही म्हणून सांगितलं आणि आता कुणीतरी ‘ऑपरेशनच करावं लागेल’ म्हणतंय, असं तुम्ही लिहिलंय. इथे सांगलीत मी जबड्याच्या सांध्याच्या याच दुखण्यात आठ महिने काढलेत, म्हणून सविस्तर लिहिते. एवढ्यावरून जबड्याला सुरी लावू देऊ नका.

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा, हाड सरकताना बोटाला लागेल. तोच सांधा. खालचा जबडा आणि कवटी यांच्यामध्ये कूर्चेची चकती असते. ती जागेवरून थोडी सरकली की तोंड उघडताना आवाज होतो. नुसता आवाज असेल आणि दुखत नसेल, तर सहसा उपचार लागत नाहीत. दुखतात ते बऱ्याचदा चावायचे स्नायू. गालावर हात ठेवून दात आवळा. जो गोळा टणक होतो, तोच दिवसभर राबत असतो.

खरं तर दात एकमेकांना टेकायचे ते जेवताना आणि गिळताना. एरवी ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. हे मला फार उशिरा कळलं. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघते. मार्चअखेरीला बेरीज जुळेपर्यंत माझे दात घट्ट आवळलेले असायचे आणि मला पत्ताच नसायचा. फिजिओथेरपीच्या बाईंनी एकच काम दिलं: घरात, दुकानात टिकल्या चिकटवा, आणि टिकली दिसली की दात कुठे आहेत ते बघा. कॉम्प्युटरच्या कडेला, स्कूटरच्या आरशावर, ओट्यामागच्या टाइल्सवर, अशा सात लाल टिकल्या लावल्या. पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक टिकलीला दात आवळलेले सापडले, भाकरी थापतानासुद्धा. तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळची कानशिलाची ठणक उतरली. गोळ्यांनी जे झालं नव्हतं ते या टिकल्यांनी झालं, म्हणून आधी हेच करा.

खाण्यात दोन-तीन आठवडे भडंग, भाजके शेंगदाणे, ऊस, कणीस बंद. भाकरी आमटीत कुस्करून खा. मऊ भात, खिचडी, उपमा चालेल. घास लहान घ्या, जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा. ओल्या गरम टॉवेलने दहा-पंधरा मिनिटं दोन्ही गाल शेका. मात्र जबडा बांधून ठेवल्यासारखा गप्प ठेवू नका, तो आखडतो. ‘न’ म्हणताना जीभ जिथे टेकते तिथे ती ठेवा आणि ती सुटणार नाही इतकंच तोंड सावकाश उघडा-मिटा. आरशात बघा, हनुवटी एका बाजूला जाऊ देऊ नका. पाच-सहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. दुखलं तर थांबा.

आयबुप्रोफेनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून, पोटात अन्न असताना, थोडे दिवसच घ्या. पित्त, रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असेल तर स्वतःहून मुळीच नको. रात्री दात खात असाल तर दातांच्या डॉक्टरांकडून माप देऊन प्लेट बनवून घ्या. त्याने दातांची झीज वाचते, काहींचं दुखणंही कमी होतं. काढता-घालता येईल अशी आणि सगळे दात झाकणारी हवी. दोन-चार दातांवरच बसणारी प्लेट बरेच दिवस वापरली तर दात हलून चावा, म्हणजे वरखालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण, बिघडू शकतो.

माझी एक चूक तुम्ही करू नका. एका दवाखान्यात ‘चावा जुळवतो’ म्हणून माझी दाढ घासली. दुखणं तसंच राहिलं आणि त्या दाढेला थंड पाणी आजही झोंबतं. जे परत फिरवता येत नाही ते सगळ्यात शेवटी. अमेरिकेत १९८० च्या दशकात अशा रुग्णांच्या सांध्यात टेफ्लॉनचे कृत्रिम भाग बसवले होते. ते झिजून आजूबाजूचं हाड खायला लागले आणि शेवटी बाजारातून मागे घ्यावे लागले. ऑपरेशन कधीच लागत नाही असं मी म्हणत नाही. सांधा हाडाने जुळून गेला, गाठ आली, तर ते लागतं. चकती अडकून तोंडच उघडेनासं झालं आणि व्यायामाने सुटलं नाही, तर बऱ्याचदा सुईने सांधा धुण्याचा मधला उपाय असतो.

आता थांबू नये अशा गोष्टी. दुखण्याबरोबर छातीत दडपण किंवा घाम आला तर तडक हॉस्पिटल. पन्नाशीपुढे कानशील ठणकतंय, चावताना जबडा दमतोय, नजर अंधुक होतेय, तर त्याच दिवशी डॉक्टर. ताप, गालाला सूज असेल तर दाढेचा संसर्ग बघायला हवा. आणि घरात कुणी सुपारी-गुटखा खात असेल आणि त्यांचं तोंड कमी उघडत असेल, तर तो आजार वेगळा आणि जास्त गंभीर, त्यांना आधी तपासून घ्या.

तासगावहून सांगली जवळच आहे. इथल्या दंत महाविद्यालयात ओरल मेडिसिन, म्हणजे तोंड-जबड्याचे आजार बघणाऱ्या विभागात दाखवा. त्याआधी आज रात्री आरशासमोर आपली मधली तीन बोटं उभी करून समोरच्या दातांमध्ये जातात का बघा, आणि किती गेली ते इथे कळवा.