वाचकांचे प्रश्न : जनावरांचा डॉक्टर संसदेत जातो तेव्हा

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात (जि. सांगली) बावीस वर्षे पशुवैद्यकीय व्यवसाय करतो. लम्पीच्या साथीत गावोगाव फिरत असताना लोक म्हणायचे, ‘डॉक्टर, आता तुम्हीच उभे राहा, दावणीचं दुखणं तुम्हाला तरी कळतं.’ थट्टा सोडून दिली तरी प्रश्न मनात राहिला. पशुवैद्यक असलेला माणूस ग्रामीण भागाचा प्रतिनिधी म्हणून संसदेत गेल्याचे उदाहरण आहे काय? त्याच्या शिक्षणाचा मतदारांना खरोखर काही उपयोग झाला काय?

उत्तर : उदाहरणे आहेत, पण थोडी आहेत. ज्याच्याकडे पाहून आपल्या प्रश्नाचे दोन्ही भाग तपासता येतील, असे उदाहरण ब्रिटनमधील डॉ. नील हडसन यांचे आहे. डिसेंबर २०१९ मध्ये हुजूर पक्षाच्या तिकिटावर ते ‘पेन्रिथ अँड द बॉर्डर’ या मतदारसंघातून हाउस ऑफ कॉमन्सवर निवडून आले. त्यापूर्वी ते पशुवैद्यक आणि पशुवैद्यकशास्त्राचे अध्यापक होते. कॉमन्समध्ये पशुवैद्यक निवडून येण्याची आधीची घटना थेट १८८४ सालची, घोडदळातील अधिकारी सर फ्रेडरिक फिट्झविग्रम यांची. म्हणजे ज्या देशात मेंढपाळीवर जिल्हेच्या जिल्हे जगतात, त्या देशाच्या लोकसभागृहात सव्वाशेहून अधिक वर्षांत दुसरा जनावरांचा डॉक्टर पोहोचला नव्हता. उमरावांच्या सभागृहात मात्र लॉर्ड ट्रीज हे पशुवैद्यक २०१२ पासून आहेत.

मतदारसंघ कसा होता हे आधी सांगितले पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. स्कॉटलंडच्या सीमेला लागलेला कुम्ब्रिया परगण्याचा उत्तर भाग, डोंगरउतारांवर मेंढ्या, खाली गाईंचे गोठे आणि मधल्या अंतरात फार थोडी वस्ती. क्षेत्रफळाने इंग्लंडमधील सर्वांत मोठ्या मतदारसंघांत त्याची गणना होई. याच भागात लाँगटाउन नावाचे गाव आहे आणि तेथे मेंढ्यांचा मोठा बाजार भरतो. २००१ साली लाळ्या-खुरकुताची जी साथ आली, तिने देशभर पसरण्याची वाट याच बाजारातून काढली. साथीचे मूळ नॉर्थंबरलंडमधील एका वराहपालनाच्या शेतावर होते. तेथून आजूबाजूच्या मेंढ्यांना लागण झाली, मेंढ्या आधी हेक्सॅमच्या आणि मग लाँगटाउनच्या बाजारात गेल्या, व्यापाऱ्यांनी त्या दूरदूर नेल्या. २३ फेब्रुवारीला जनावरांच्या वाहतुकीवर बंदी आली तेव्हा रोग पुढे निघून गेला होता.

हे इतक्या सहज घडले, त्याचे कारण आपल्याला सांगण्याची गरज नाही, पण इतर वाचकांसाठी लिहितो. गाईच्या तोंडात फोड आला की लाळेच्या तारा लोंबू लागतात, ती चारा सोडते, लंगडते. गोठ्यात पाय ठेवताच मालकाला कळते. मेंढीचे तसे नसते. तिच्या हिरडीवरचा फोड लहान असतो, एकदोन दिवसांत फुटतो आणि जखम भरूनही येते. कळपातील एखादी मेंढी थोडी मागे रेंगाळली, एवढेच मेंढपाळाला दिसते. म्हणून तपासणीला गेलेल्या पशुवैद्यकाला एकेका जनावराचा जबडा उघडून, जिभेवरची आणि हिरडीवरची जखम किती दिवसांची आहे याचा अंदाज बांधावा लागतो. फोड ताजा आहे, फुटून कडा लाल आहेत की कडा भरत आल्या आहेत, यावरून लागण केव्हा झाली, आणि त्यावरून ती कोणत्या बाजारातून आली असावी, याचा माग निघतो.

त्या वर्षी ब्रिटनमध्ये २,०२६ ठिकाणी लागण निश्चित झाली. त्यांपैकी ८९३ ठिकाणे एकट्या कुम्ब्रियातली होती. साठ लाखांहून अधिक जनावरे मारण्यात आली. ३ मे रोजी सार्वत्रिक निवडणूक होईल असे सारे धरून चालले होते, ती ७ जूनला घ्यावी लागली. हडसन त्या साथीत पशुवैद्यकीय निरीक्षक म्हणून काम करत होते. त्या वेळी जे पाहिले ते पुन्हा पाहण्याची वेळ येऊ नये, असे त्यांनी सभागृहात अनेकदा सांगितले आहे.

आता उपयोगाचा भाग. माझ्या मते तो तीन ठिकाणी दिसतो, आणि तिन्हींची फळे सारखी नाहीत.

पहिले ठिकाण वेब्रिज. सरे परगण्यातील या गावी प्राण्यांच्या रोगनिदानाची ब्रिटनची प्रमुख सरकारी प्रयोगशाळा आहे. तिच्या इमारती जुनाट झाल्या होत्या. पुनर्बांधणीचा खर्च २०२२ मध्ये २.८ अब्ज पौंडांच्या घरात सांगितला जात होता आणि सरकारने तोवर १.२ अब्ज देण्याचे मान्य केले होते. प्रयोगशाळेची गळकी छपरे हा मते मिळवून देणारा विषय नव्हे. पेन्रिथच्या एखाद्या मेंढपाळाने आपल्या खासदाराला वेब्रिजबद्दल पत्र लिहिले असेल, असे मला वाटत नाही. तरीही हडसन हा विषय समितीत आणि सभागृहात पुन्हा पुन्हा काढत राहिले, कारण पुढची साथ आली तर पहिला नमुना तेथेच जाणार आणि त्याचा निकाल एक दिवस उशिरा आला तर त्याची किंमत लाँगटाउनला मोजावी लागणार, हे त्यांना ठाऊक होते. मतदाराने न मागितलेली, पण मतदाराच्याच हिताची गोष्ट मागणे, हा शिक्षणाचा खरा उपयोग मी मानतो. जून २०२५ मध्ये, दुसऱ्या पक्षाच्या सरकारने, वेब्रिजसाठी सुमारे एक अब्ज पौंड जाहीर केले. त्याचे श्रेय एका माणसाला देता येणार नाही. लेखापरीक्षकांनी आणि लोकलेखा समितीनेही तोच तगादा लावला होता.

दुसरे ठिकाण मनाच्या आरोग्याचे. पर्यावरण, अन्न व ग्रामव्यवहार या खात्यावर देखरेख ठेवणाऱ्या संसदीय समितीचे हडसन सदस्य होते. या समितीने मे २०२३ मध्ये ग्रामीण मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. ज्याने स्वतःच्या देखरेखीखाली जनावरे मारली जाताना पाहिली आहेत, असा माणूस समितीत असला की साक्षीदारांना विचारले जाणारे प्रश्न बदलतात, यात नवल नाही.

तिसऱ्या ठिकाणी अपयश आले. पेन्रिथजवळचे न्यूटन रिग हे १८९६ पासूनचे कृषी महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेने ते बंद करण्याचे ठरवले. हडसन यांनी हा प्रश्न सभागृहात वारंवार मांडला, मंत्र्यांच्या भेटी घेतल्या, आणि जुलै २०२१ मध्ये महाविद्यालय बंद झाले. पदवी, अनुभव, चिकाटी हे सारे जवळ असूनही पैशाचा निर्णय दुसऱ्याच्या हाती असला की एवढेच होते. पुढे मतदारसंघांची फेररचना झाली, पेन्रिथ अँड द बॉर्डर हा मतदारसंघच उरला नाही, आणि २०२४ मध्ये हडसन एसेक्समधील एपिंग फॉरेस्टमधून निवडून आले. त्याच निवडणुकीत विंचेस्टरमधून डॅनी चेंबर्स हे दुसरे पशुवैद्यक लिबरल डेमोक्रॅट पक्षाकडून निवडून आले, त्यामुळे आता ते एकटे नाहीत.

आपण उभे राहावे की नाही, हे मी सांगणार नाही. पण आपण रोज करता ते एक काम संसदेत फार कमी लोकांना जमते. मालक म्हणतो, ‘गाय सुस्त आहे.’ आपण विचारता : कधीपासून, रवंथ करते का, शेण कसे आहे, वैरण कुठून आणली, शेजारच्या गोठ्यात काही आहे का? चांगला संसदीय प्रश्न असाच बांधलेला असतो.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दीड वर्षापासून डॉक्टरांची जागा रिकामी आहे. खासदारांना दोनदा निवेदन दिले, फोटो निघाले, पुढे काही नाही. आपल्या देशात पशुवैद्यक खासदार नाहीत काय? हा प्रश्न दिल्लीत कोणी का विचारत नाही? (एक दूध उत्पादक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : होते. उत्तर प्रदेशातील मुजफ्फरनगरचे डॉ. संजीव बालियान २०१४ आणि २०१९ मध्ये लोकसभेवर निवडून आले. त्यांनी हिसारच्या कृषी विद्यापीठातून पशुवैद्यकशास्त्रात पीएच.डी. केली आहे. ऊस आणि म्हशी यांवर चालणारा तो मुलूख आहे. २०१९ ते २०२४ या काळात ते केंद्रात पशुसंवर्धन खात्याचे राज्यमंत्री होते. गंमत अशी, की मंत्री झालेला सदस्य प्रश्न विचारत नाही, त्याला उत्तरे द्यावी लागतात. लम्पीच्या काळात खात्यात पशुवैद्यक मंत्री होता ही समाधानाची बाब खरी, पण विचारणाऱ्या बाकांवरचा एक जाणकार त्यामुळे कमी झाला, असेही म्हणता येईल.

आपल्या निवेदनाची अडचण वेगळी आहे. ते चुकीच्या दारी गेले. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पशुधनाचे रक्षण, जनावरांच्या रोगांना प्रतिबंध आणि पशुवैद्यकीय व्यवसाय हे विषय राज्यसूचीत आहेत. आपल्या दवाखान्यातील रिकामी जागा भरणे हे राज्य सरकारचे काम असल्यामुळे लोकसभेत तसा प्रश्न दिला तरी तो बहुधा स्वीकारलाच जाणार नाही. तो आमदारांनी विधानसभेत तारांकित (तोंडी उत्तर मागणारा) प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना म्हणून मांडायला हवा.

खासदारांना विचारायचे असेल तर केंद्राचा पैसा जेथे आहे ते विचारावे. लाळ्या-खुरकुताची लस केंद्राच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून येते. सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेत सुरू झालेल्या त्या कार्यक्रमासाठी १३,३४३ कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली होती. १९६२ या क्रमांकावर बोलावता येणाऱ्या फिरत्या दवाखान्यांच्या गाड्यांसाठीही केंद्र पैसा देते. तेव्हा पुढच्या निवेदनात ‘पशुपालकांच्या समस्या सोडवाव्यात’ असे वाक्य घालू नका. आपल्या जिल्ह्याला या फेरीत लसीच्या किती मात्रा आल्या, कोणत्या तारखेला आल्या, किती जनावरांच्या कानात बिल्ले आहेत आणि त्यांपैकी किती जनावरांची नोंद लसीकरणात आहे, फिरत्या गाडीवर डॉक्टर किती दिवस हजर होते, एवढेच लिहून द्या. लोकसभेत रोज वीस तारांकित प्रश्न यादीत असतात आणि त्यांतल्या थोड्यांवरच तोंडी उत्तराची वेळ येते. आकडे हवे असतील तर अतारांकित प्रश्न बरा. उत्तर लेखी येते आणि ते आपल्याला आमदारांपुढे ठेवता येते.

प्रश्न : आपल्याकडे खुरकूत झाले तर जनावर मारत नाहीत, लस देतात. मग ब्रिटनमध्ये निरोगी मेंढ्या का मारल्या? तेथील पशुवैद्यक खासदाराने याला विरोध करायला नको काय? (महाविद्यालयीन विद्यार्थी, शिरवळ)

उत्तर : लस न देता रोगमुक्त असलेल्या देशाच्या मांसाला परदेशी बाजारात जो मान मिळतो, तो लसीकरण केले की काही काळ जातो, म्हणून २००१ मध्ये लस टाळून आजूबाजूचे कळप मारण्याचा मार्ग धरला गेला. त्यावर तेव्हाच मोठा वाद झाला आणि पुढच्या आराखड्यांत गरजेप्रमाणे लस वापरण्याचा पर्याय ठेवला गेला. पन्नास कोटींहून अधिक पशुधन असलेल्या आणि गोवंशाबद्दल वेगळी भावना असलेल्या आपल्या देशात तो मार्ग शक्यच नव्हता.

हडसन यांचा भर रोग देशात येऊच नये यावर आहे, आणि पशुवैद्यक म्हणून ते स्वाभाविक आहे. १० जानेवारी २०२५ रोजी जर्मनीत, बर्लिनजवळच्या ब्रांडेनबुर्गमध्ये, १९८८ नंतर प्रथमच खुरकूत सापडले, आणि तेही म्हशींच्या एका कळपात. ब्रिटनने तेथून गुरे, डुकरे, मेंढ्या आणि त्यांचे ताजे मांस आणण्यावर बंदी घातली. त्या वेळी हडसन विरोधी बाकांवर होते. ते आज ज्या एसेक्सचे प्रतिनिधी आहेत, त्याच परगण्यातील एका कत्तलखान्यात फेब्रुवारी २००१ मध्ये तपासणी करणाऱ्या पशुवैद्यकाला काही डुकरांच्या अंगावर फोड दिसले होते आणि त्या साथीचा पहिला सुगावा तेथे लागला होता.