घरी दोन चॅनलच्या इंटरफेसवर भजनी मंडळाचे अभंग रीपरमध्ये कसे रेकॉर्ड आणि मिक्स करावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला सिडकोत घर, लॅपटॉपवर रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर), दोन चॅनलचा यूएसबी इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा), एक कंडेन्सर माइक (बारीकसारीक आवाजही टिपणारा). त्र्यंबकेश्वरच्या पौषवारीआधी मंडळाचे चार अभंग यूट्यूबवर टाकायचे आहेत. हेडफोनमध्ये आवाज उशिरा येतो, आणि सगळ्यांना एकत्र बसवून घेतलेलं रेकॉर्डिंग कितीही इक्यू (खर्ज-तार भाग कमी-जास्त) केलं तरी गढूळच राहतं.

गढूळपणा इक्यूने जाणार नाही, कारण तो मिक्समध्ये आलेलाच नाही. एका खोलीत गायक, पेटी, पखवाज आणि चार टाळकरी बसले की कंडेन्सरमध्ये सगळ्यात जास्त टाळ शिरतात. मग शब्द स्पष्ट व्हावेत म्हणून ५ किलोहर्ट्झ उचललं की टाळच अंगावर येतात, आणि टाळ दाबले की शब्द मरतात. म्हणून थर लावून, म्हणजे एकेक वाद्य वेगळं रेकॉर्ड करून घ्या आणि टाळ सगळ्यात शेवटी घ्या.

आधी उशिराचं. विंडोज असेल तर ऑप्शन्स, प्रेफरन्सेस, ऑडिओ, डिव्हाइस इथे ऑडिओ सिस्टिम एएसआयओ (कमी उशिराची ड्रायव्हर पद्धत) ठेवा आणि इंटरफेसच्या कंपनीचाच ड्रायव्हर निवडा. ४८,००० च्या सॅम्पल रेटला ५१२ चा बफर (एका वेळी हाताळायच्या सॅम्पलचा गठ्ठा) म्हणजे आत येताना १०.७ मिलिसेकंद आणि बाहेर जाताना तेवढेच, म्हणजे २१ च्या वर. गायकाला हे नक्की खटकतं. १२८ वर तेच ५.३ होतं, वर इंटरफेसचे स्वतःचे एक-दोन. रेकॉर्डिंगला १२८, मिक्सिंगला १०२४. १२८ वर कटकट ऐकू आली तर २५६ करा आणि ट्रॅकवरचे प्लगइन तात्पुरते बंद ठेवा. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असेल तर तेच वापरा, पण मग रीपरच्या ट्रॅकवरचं रेकॉर्ड मॉनिटरिंग बंद करायला विसरू नका. दोन्ही चालू राहिलं की स्वतःचाच आवाज दोनदा, नळीतून आल्यासारखा ऐकू येतो. ब्लूटूथ हेडफोनचा तर विचारच नको.

थर लावून घेताना आणखी एक चूक होते, ती बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: प्रत्येक नवा थर काही मिलिसेकंद मागे बसतो आणि वादक बेताल असल्यासारखं वाटतं. ड्रायव्हर स्वतःचा उशीर चुकीचा सांगत असतो, म्हणून. तपासणी सोपी आहे. इंटरफेसच्या लाइन आउटमधून केबल काढून त्याच्याच लाइन इनला लावा, एका ट्रॅकवर ठोक्याचा आवाज वाजवून दुसऱ्यावर रेकॉर्ड करा आणि झूम करून फरक सॅम्पलमध्ये मोजा. तो आकडा प्रेफरन्सेस, ऑडिओ, रेकॉर्डिंग इथल्या आउटपुट मॅन्युअल ऑफसेटमध्ये भरा, मग पुन्हा मोजा. फरक दुप्पट झाला तर चिन्ह उलटं करा. या चाचणीच्या वेळी मॉनिटरिंग बंद हवं, नाहीतर शिट्टी सुरू होईल.

आता प्रोजेक्ट: ४८,०००, २४ बिट. २४ बिटमध्ये लेव्हल चढवून घ्यायची गरजच नाही. आवाजाची शिखरं उणे १२ डीबीच्या आसपास, पखवाजाचा सगळ्यात जोरदार बोलसुद्धा उणे ६ च्या खाली. वादक तपासणीच्या वेळी हात राखून वाजवतात आणि गजरात सोडतात, हे धरूनच गेन ठेवा.

मेट्रोनोम लावू नका. भजनी ठेक्याच्या ८ मात्रा ग्रिडवर बसतील, पण अभंगाची लय शेवटाकडे चढते आणि ती चढायलाच हवी. पहिल्या फेरीत पखवाजवाल्याला बेडरूममध्ये आणि गायक-पेटीवाल्याला हॉलमध्ये बसवा. कंडेन्सर पखवाजाला, मंडळाच्या लाउडस्पीकरच्या संचातला साधा डायनॅमिक माइक गायकाला. इंटरफेसला हेडफोनचं एकच भोक असेल तर स्प्लिटर आणि लांब केबल लागेल. कंडेन्सरला वीज देणारं ४८ व्होल्टचं बटण बऱ्याचदा दोन्ही चॅनलना एकत्र लागू होतं. तीन पिनांच्या नीट केबलवर डायनॅमिक माइकला त्याने इजा होत नाही. या फेरीतला पखवाज ठेवायचा, गाणं आणि पेटी नुसती वाट दाखवायला. मग दुसऱ्या फेरीत पेटी, तिसऱ्या फेरीत गायक, नंतर मागे म्हणणारी मंडळी, आणि मग टाळ.

पखवाजासमोर ४० सेंटिमीटरवर, थोडा वरून, शाईच्या बाजूकडे किंचित झुकवून माइक ठेवा. कणकेची बाजू अशीही घुमतेच. कणीक वाळत गेली की तिचा सूर चढतो, त्यामुळे तासाभराच्या अंतराने घेतलेले दोन टेक जोडले की सांधा लगेच कळतो. प्रत्येक टेकआधी पाण्याचा हात फिरवून सूर तपासा.

सुरांचा मालक पेटी. तिच्या पट्ट्या क्वचितच नेमक्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावर असतात. काळी १ चा सा धरून रियाट्यूनमध्ये (रीपरच्या सूर मोजणाऱ्या प्लगइनमध्ये) बघा. पेटी ८ सेंट (लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट) चढी असेल तर तानपुऱ्याचं ॲप ८ सेंट चढवा, पेटी सॉफ्टवेअरने उतरवू नका. गायकाच्या आवाजावर आपोआप सूर लावणारं काहीही नको. मींड आणि कण पायऱ्या-पायऱ्यांचे होतात.

गायकाला माइक १५ ते २० सेंटिमीटरवर, पॉप फिल्टर, माइक तोंडापासून जरासा तिरका. गोधडी माइकच्या मागे नव्हे, गायकाच्या पाठीमागे टांगा. कार्डिऑइड माइक आपल्या पाठीमागचं फारसं ऐकत नाही, समोरचं ऐकतो, म्हणजे गायकामागच्या भिंतीवरून परतणारा आवाजच त्यात जातो. पंखा, फ्रीज बंद. ५० हर्ट्झची गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. बऱ्याचदा तेवढ्यानेच जाते. नाही गेली तर घराचं अर्थिंग तपासून घ्या. पाथर्डी फाट्याच्या अंगाला राहत असाल तर महामार्गाची घरघर असेलच, ती मात्र फिल्टरने निघते. शेजारचा मिक्सर निघत नाही.

टाळांना डायनॅमिक माइक, दीड ते दोन मीटरवरून. दोन वेगळे टेक, एक ४० टक्के डावीकडे, एक उजवीकडे.

मिक्सला बसताना आधी फक्त फेडर. मग रियाइक्यूमध्ये हाय पास (दिलेल्या हर्ट्झच्या खालचं कापणारा फिल्टर): पुरुषी आवाजाला ८०, पेटीला १३०, टाळांना ४००, पखवाजाला ३५ पुरे. उरलेला गढूळपणा पेटीच्या २५० ते ४०० हर्ट्झमध्ये असतो, तिथे ३ डीबी काढा. पेटीचे २ ते २.५ किलोहर्ट्झ आणखी २ डीबी खाली घेतलेत की शब्दांना जागा मिळते. गायकाचा आवाज चढवण्यापेक्षा हे बरं. रियाकॉम्प (मोठा आवाज आपोआप दाबणारं प्लगइन) गायकाच्या आवाजावर ३ ला १, अटॅक १५ मिलिसेकंद, रिलीज १२०, काटा ४-५ डीबी हलेल इतकाच. पखवाजावर अटॅक ३० ठेवा, नाहीतर थाप बोथट होते.

रिव्हर्ब (घुमारा) प्रत्येक ट्रॅकवर टाकू नका. एकच वेगळा ट्रॅक, त्यावर रियाव्हर्बेट, त्यात ड्राय (मूळ कोरडा आवाज) पूर्ण खाली (हे राहून जातं आणि आवाज उगाच मोठा होतो), सुरुवातीचा विलंब ३० मिलिसेकंद, २५० च्या खालचं आणि ६,००० च्या वरचं कापलेलं. आवाज, पेटी आणि कोरस तिकडे सेंड करा. टाळ अजिबात नाही. देवळाचा गाभारा करायचा मोह होतो, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत शब्द कळेनासे होतात.

यूट्यूब उणे १४ एलयूएफएसपेक्षा (हे गाण्याच्या एकूण मोठेपणाचं माप) मोठं गाणं खाली आणतं, त्यामुळे लिमिटरने ठेचून काही मिळत नाही. उणे १४ च्या जवळपास, ट्रू पीक (खरं शिखर) उणे १. रीपरच्या रेंडर खिडकीत ड्राय रन (फाइल न बनवता चाचणी) केलं की दोन्ही आकडे दिसतात. त्यानंतर एकदा मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. तिथे टाळ टोचत असतील तर इक्यूला हात न लावता फेडरच २-३ डीबी खाली घ्या.