खोट माणसात की मालात?

"मॅडम, सेमिनारमधून येतो तेव्हा वाटतं जग जिंकीन. चार दिवसांत सगळं उतरतं. माझ्यातच काहीतरी कमी आहे."

सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी इतक्या तरुण मुलांकडून ऐकलंय, की आता त्यावर लिहायलाच हवं. यातल्याच एका मुलाची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

तासगावकडचा, पंचविशीतला मुलगा. घरी द्राक्षबाग, बेदाण्याचं शेड. मित्राच्या नादानं एका साखळी विक्रीच्या योजनेत शिरला. प्रोटीन पावडरचे डबे विकायचे आणि खाली माणसं जोडायची. विक्री होईना. वरचा माणूस म्हणाला, "तुझा स्वतःवर विश्वास नाही, म्हणून गिऱ्हाईक तुझ्यावर ठेवत नाही." मग सेमिनार. मोठ्ठं संगीत, टाळ्या, सगळ्यांनी उभं राहून 'मी करू शकतो' ओरडायचं. शेवटच्या अर्ध्या तासात पुढच्या कोर्सची जाहिरात, सवलत फक्त आज रात्रीपर्यंत. हा कचरला, तेव्हा स्टेजवरून ऐकवलं, "जो स्वतःवर पैसे लावायला घाबरतो, त्याचा स्वतःवर विश्वासच नसतो." यानं कर्ज काढून फी भरली.

ही मेख नीट समजून घ्या. पैसे भरले तर विश्वास आहे, नाही भरले तर नाही. रास्त शंकेलाच इथं दुबळेपणा ठरवून टाकलं जातं.

पहिल्या काही भेटी तो स्वतःलाच कोसत होता. रोज सकाळी आरशासमोर वाक्यं म्हणायचा आणि संध्याकाळी आणखी खचायचा. मग एकदा मी विषयच बदलला.

"बेदाण्याच्या सौद्याला जातोस, तेव्हा आरशासमोर काही म्हणून जातोस का?"

तो हसला. "तिथं कशाला? मूठभर माल हातात घेतला की कळतं. रंग, फुगवटा, काडी किती राहिलीय."

"हे कुणी शिकवलं?"

"आबांनी. आठवीत होतो. चुकलो की चारचौघांत शिव्या घालायचे, पण दुसऱ्या दिवशी परत बॉक्स पुढं सारायचे."

"आणि त्या पावडरीचं काय ठाऊक आहे तुला?"

"स्टेजवर सांगितलं तेवढंच."

"मग गिऱ्हाईकासमोर जीभ कशानं अडखळते?"

बराच वेळ तो बोलला नाही. मीही घाई केली नाही. असल्या शांततेत काम होत असतं, हे मला सरावानं कळलंय. शेवटी म्हणाला, "मॅडम, मला माझ्यावर नाही, मालावर विश्वास नाही. आबांना तो डबा विकायचा म्हटलं तर माझी जीभ उचलायची नाही."

त्याचा प्रामाणिकपणा शाबूत होता आणि त्यालाच तो आजवर न्यूनगंड समजत होता. हे त्याच्याच तोंडून आलं, याचं मला आजही मोल वाटतं.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं 1977 मध्येच मांडलं होतं, की 'मला हे जमेल' ही खात्री सर्वांत भक्कम होते ती प्रत्यक्ष जमवून दाखवल्यानं. नुसत्या शब्दांनी दिलेली उभारी त्यामानानं कच्ची, अपयशाच्या पहिल्या धक्क्याला ढासळणारी. माझा अनुभव हेच सांगतो. 'स्वतःवर विश्वास ठेव' असं मी कुणाला सांगत नाही. छोटं काम देते, चुकू देते, परत करायला लावते.

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर त्याला बावळट म्हणू नका. त्यानं तो आणखी त्याच मंडळींकडे ढकलला जातो. सभागृहात सही करायची नाही, दोन रात्री जाऊ द्यायच्या, एवढा नियम घालून घ्या. कमाई माल विकून येते की माणसं जोडून, हे विचारा. थेट विक्रीच्या 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पिरॅमिड योजनेला, म्हणजे मालापेक्षा माणसं जोडण्यावर कमाई चालणाऱ्या योजनेला, बंदी आहे. फसवणूक वाटली तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

त्यानं कर्जाचं घरी सांगितलं. आबा चिडले, मग हप्त्यांचा हिशेब घेऊन बसले. या हंगामात तो स्वतःच्या शेडमधला बेदाणा पुण्याच्या दुकानदारांना दाखवायला निघालाय. पहिल्या दुकानदारानं नाही म्हटलं. त्यानं "भाव जास्त वाटला की प्रत?" असं विचारून उत्तर वहीत टिपलं आणि दुसऱ्या दुकानात गेला.